दोन वजीर विरुद्ध नुसता राजा, आणि दोन वजीर विरुद्ध एक वजीर: दिसतं सारखं, खेळायचं वेगळं

बुद्धिबळात प्यादं शेवटच्या ओळीत पोचून दुसरा वजीर झाला की बरेच जण डोळे मिटून जिना (आळीपाळीने शह देत राजाला एकेक ओळ मागे काठाकडे ढकलणं) लावत सुटतात, मग समोर नुसता राजा असो की त्याच्यासोबत वजीरही असो. पहिल्यात चालतं. दुसऱ्यात अर्धा पॉइंट जातो, कधी पूर्ण.

समोर नुसता राजा असेल तर जास्तीत जास्त ४ चालीत मात होते, आपल्या राजाला जागेवरून हलायचीही गरज नाही. काळा राजा ई६ वर, आपले वजीर ए५ आणि बी४ वर, राजा जी१ वर. बी४ चा वजीर बी६ वर, शह, मग ए५ चा ए७ वर, शह, मग बी६ चा बी८ वर, मात, काळा कुठेही पळाला तरी. हत्तींच्या जिन्यात राजा हत्तीला चिकटला की हत्तीला लांब पळावं लागतं, वजिराला राजा चिकटूच शकत नाही, म्हणून हे आणखी सोपं. धोका एकच, स्टेलमेट, म्हणजे राजाला शह नाही पण खेळायला एकही चाल नाही. काळा राजा ए८ वर आणि आपला वजीर बी६ वर, शह नाही, काळ्याची चाल: संपलं, डाव बरोबरीत.

आता त्याच पहिल्या पोझिशनमध्ये काळ्याला डी३ वर एक वजीर द्या. बी६ शह दिला की तो वजीर डी६ वर आडवा येतो, जिना तिथेच तुटला. पण घाबरू नका, सरळ मारा, राजा परत मारेल, उरलेल्या एका वजिराने राजाला सोबत घेऊन जास्तीत जास्त १० चालीत मात होते. उगाच दोन्ही वजीर जपत बसू नका. आता आपला राजा एच२ वर असता तर? तीच डी६ आपल्यालाच शह! इथे मारून निभावतं, दरवेळी निभावेलच असं नाही, म्हणून शह द्यायच्या आधी आपला राजा कुठल्या तिरक्या ओळीवर उभा आहे ते बघायचं. आणि शह सोडून एक शांत चाल खेळलात की समोरचा वजीर शहावर शह देत सुटतो, परपेच्युअल, म्हणजे न संपणारे शह आणि बरोबरी.

स्टेलमेट तर इथे जास्त बेरकी. काळा राजा ए८, वजीर जी८, आपला राजा एच१, वजीर बी६ आणि सी१. काळा जी२ वर वजीर फेकतो, शह! पळायला घर नाही, मारायला दुसरं कोणी नाही, राजानेच घ्यावा लागतो, आणि बरोबरी. दोन वजीर पटावर, तरी.

दोघांकडेही दोन दोन वजीर असतील तर तो तिसराच प्रकार, तिथे बहुतेक वेळा जो पहिला शह देतो तोच जिंकतो. पण प्यादीही असली की तेही नक्की नाही, १९५९ च्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) पेट्रोशियन आणि फिशर चार वजीर पटावर असूनही बरोबरीत सुटले.