नाशिकची शहर बससेवा: तोटा कोणी सोसायचा?

नाशिकमध्ये शहर बसच्या अनियमितपणाची चर्चा निघाली की बोट आधी चालक-वाहकांकडे जाते. या सेवेचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे आणि बस वेळेवर न येण्याशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

रेल्वे स्थानक जुन्या गावापासून सात-आठ किलोमीटर दूर पडल्याने नाशिकला सार्वजनिक वाहनाची गरज फार लवकर भासली. गाव आणि स्थानक यांना जोडणारी, घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम १८८९ मध्ये सुरू झाली आणि १९३०च्या दशकात बंद पडली. पुढे सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, मग अंबड आणि सिडको वाढले, आणि १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका एकत्र येऊन महापालिका झाली. कायद्याने मात्र बस चालवणे हे महापालिकेचे बंधनकारक नव्हे, तर ऐच्छिक कर्तव्य आहे. ही सवलत नाशिकने पुढची जवळजवळ चार दशके पुरेपूर वापरली, असेच म्हणावे लागेल.

या काळात शहर सेवा एसटी महामंडळाकडे होती. निमाणी, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), नाशिकरोड ही स्थानकांची नावे रोजच्या प्रवाशाच्या तोंडी बसली ती त्याच काळात. परंतु त्र्यंबकेश्वरची श्रावणी सोमवारची गर्दी असो वा वणीचा चैत्रोत्सव, जादा गाड्यांचा भार एसटीच्या याच नाशिक विभागावर असे, आणि मूळ व्यवसाय जिल्ह्या-जिल्ह्यांतील वाहतुकीचा असलेल्या महामंडळाला शहर सेवा म्हणजे तोट्याचे लोढणे वाटत होते. महामंडळ तोट्याची भरपाई मागे किंवा सेवा ताब्यात घ्या म्हणे. महापालिकेत विषय पत्रिकेवर येई आणि मागे पडे. दरम्यान फेऱ्या घटत गेल्या आणि थांब्यावर ताटकळणारा प्रवासी शेअर रिक्षात बसू लागला.

अखेर ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेच्या परिवहन कंपनीची ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. बस आणि चालक ठेकेदाराचे, त्याला मोबदला किलोमीटरमागे, तिकिटाचे उत्पन्न आणि तूट दोन्ही महापालिकेची, अशी तिची रचना. प्रवासी कमी असले तरी गाडी सोडण्यातच ठेकेदाराचा फायदा असल्याने फेऱ्या नियमित होतील, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू होऊन २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी संपात त्र्यंबकेश्वर, सिन्नरसारख्या गावांकडे जाणाऱ्यांना याच बसचा आधार मिळाला.

गाडे अडले ते वाहकांपाशी. वाहक पुरवण्याचा ठेका वेगळा होता. वेतन थकले की वाहकांनी काम थांबवायचे, असे त्यानंतरच्या वर्षांत पुन:पुन्हा घडले. अशा दिवशी तपोवन आगारात सीएनजीच्या धडधाकट गाड्या रांगेने उभ्या असतात, चालकही हजर असतात, पण तिकीट फाडणारा नसल्याने एकही फेरी सुटत नाही. एसटीच्या काळात सेवा हळूहळू झिजली. आता ती एका सकाळी अचानक थांबते. शाळा-कॉलेजचे विद्यार्थी आणि पाळीला जाणारे कामगार यांच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक जाचक आहे, कारण त्यासाठी आदल्या दिवशी काहीच तजवीज करता येत नाही.

दरम्यान, २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी (रबरी टायरवर, विजेवर धावणारी मेट्रो) २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली आणि काही काळ सगळी चर्चा तिकडे वळली. वाहकांच्या वेतनाचा प्रश्न मात्र ठेकेदार आणि महापालिका यांच्यात टोलवला जात राहिला.