समजतं सगळं, वेळेवर होत नाही

"मोबाइल दिला तं दोन-दोन तास जागचा हालत नाही. गोट्या खेळाले बसला तं जेवायची सुद राहत नाही. आन् पुस्तक उघडलं का पाच मिनिटांत उठते. मंग याले लक्ष नाही असं कसं म्हणता जी?"

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारी मेंदूच्या वाढीतली अडचण. हे नाव पहिल्यांदा कानावर पडलेली वऱ्हाडातली माय हमखास असं विचारते, आणि तिची शंका रास्त आहे. लक्ष या मुलांकडे असतं. ते कुठे लावायचं, कंटाळा आला तरी तिथे कसं धरून ठेवायचं आणि मनात आलेली गोष्ट क्षणभर कशी रोखायची, हे सांभाळणारी मेंदूची यंत्रणा त्यांच्यात कच्ची असते. मोबाइलवर दर काही सेकंदांनी नवं काहीतरी घडतं. गोटीला गोटी लागली की नाही ते तिथल्या तिथे कळतं. अशा ठिकाणी लक्ष आपसूक टिकतं. सातच्या पाढ्याचं फळ मात्र वार्षिक परीक्षेत, तेही मिळालं तर.

बक्षीस जितकं लांब तितकी त्याची ओढ कमी, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. एडीएचडी असलेल्या मुलांत ही ओढ फार लवकर ओसरते, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. आता कास्तकाराच्या घरचं ठरलेलं आश्वासन आठवा: "नीट अभ्यास कर, दिवाळीनंतर कापूस विकला का सायकल घेऊन देतो." शब्द जुलैतला, सायकल डिसेंबरातली, आणि मधे बोंडअळी आली तर तीही नाही. ज्या पोराला आज संध्याकाळचं बक्षीसही दूर वाटतं, त्याला ही सायकल दिसतच नाही. बाप मनापासून बोललेला असतो, पोरानेही मनापासून "हो" म्हटलेलं असतं, आणि तासाभरात दप्तर ओट्यावर टाकून पोट्टं नाल्यावर गेलेलं असतं.

यामागे मेंदूची वाढ आहे. कपाळामागचा भाग आणि त्याच्याशी जोडलेली आतली केंद्रं मिळून आवर घालण्याचं, बेत आखण्याचं काम करतात, आणि त्यांच्यातला निरोप डोपामिन व नॉरॲड्रिनलिन या रसायनांवर चालतो. २००७ साली अमेरिकेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने ४४६ मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली. त्यांतल्या निम्म्यांना एडीएचडी होता. मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, निम्मा भाग आपली कमाल जाडी इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात गाठतो. एडीएचडी असलेल्या मुलांत त्यालाच साडेदहा वर्षं लागली, आणि सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. वाढीचा क्रम दोन्हीकडे सारखाच. बैल जोमदार आणि कासरा सैल, असं हे प्रकरण आहे.

म्हणून दहा वर्षांच्या पोराकडून आवर घालण्याच्या बाबतीत सात वर्षांच्या पोराइतकीच अपेक्षा ठेवली, तर घरातली निम्मी भांडणं मिटतात. अक्कल मात्र दहा वर्षांचीच असते, आणि घोटाळा तिथेच होतो. रात्री जवळ घेऊन विचारा, तो सगळे नियम बिनचूक सांगेल. मधे बोलू नये, दप्तर जागेवर ठेवावं, बहिणीला मारू नये. सांगतो बरोबर, वागतो उलटं, म्हणजे मुद्दाम करतो, असा निष्कर्ष निघतो आणि मार पडतो. पण ज्ञान कमी पडलेलंच नाही. कमी पडला तो नेमक्या क्षणीचा आवर. तेव्हा अर्धा तास समजावून सांगणं हा माझ्या मते वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय. मदत पोहोचवायची ती जिथे गाडी घसरते त्या जागी आणि त्या घटकेला.

चुलीपाशी बसून "दप्तर भर, पाणी घे, चप्पल घाल, आन् आजीले सांगून जा" असं ओरडलं तर शेवटचं एखादं डोक्यात राहतं. त्याच्याजवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्याने आपल्याकडे पाहिलं की एकच काम सांगायचं. ते झालं की लगेच तोंडभरून शाबास म्हणायचं, आणि मगच दुसरं. सकाळच्या कामांची चित्रं काढून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली की मायच्या तोंडची बरीच कटकट दारावर जाते. सायकलीऐवजी रोजचं छोटं बक्षीस: आज तीनही कामं झाली तर संध्याकाळी बाबासोबत बंडीवर वावरात. बारीकसारीक वळवळीकडे काणाडोळा करायचा. धोक्याचं आणि मारहाणीचं तेवढं लगेच थांबवायचं, थोडक्या शब्दांत. हे सगळं रोज, आणि घरातल्या सगळ्यांनी सारखंच. अवघड आहे. त्यातून एक गंमत अशी की जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतला या बाबतीतला फरक सुमारे ७४ टक्के आनुवंशिक असतो. त्यामुळे तक्ता लावायचं ठरवून तिसऱ्या दिवशी विसरणारा बापही कधीकधी त्याच मातीचा निघतो. "बापावर गेला" हे आजीचं निदान अगदीच टाकाऊ नसतं.

साखर-गुळाने पोर चेकाळतं हा समज मात्र तपासण्यांत टिकलेला नाही. नजर उतरवल्याने कुणाचं बिघडत नाही, फक्त त्यात वर्षं जाऊ नयेत.

शाळेचं वेगळं. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांच्या शाळेत मास्तर चौथीला गणित शिकवत असताना तिसरीने गुपचूप पाढे लिहायचे असतात. एकट्याने, कुणी न पाहता, कंटाळवाणं काम करत थांबणं, म्हणजे या मुलाला नेमकं जे जमत नाही तेच. शंभरात साधारण पाच मुलांना एडीएचडी असतो, तेव्हा वीस-पंचवीसच्या पटात असं एखादं लेकरू बहुधा बसलेलं असतं. त्याला दाराखिडकीपासून दूर, मास्तरांच्या हाताशी बसवावं. दहा गणितं एकदम न देता तीन द्यावी, तपासावी, मग पुढची. मधे खडू आण, घंटा दे, खिचडीची ताटं मांड अशी उठायची कायदेशीर संधी द्यावी. छडीने काही साधत नाही, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती बंदच आहे.

पोरीकडे बघायचं राहून जातं. मुलींमध्ये धावपळीपेक्षा हरवलेपण जास्त दिसतं: खिडकीबाहेर नजर, वही अर्धवट, कंपास रोज गायब. त्रास कुणाला देत नाही, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. "मठ्ठ आहे" म्हणून सोडून देतात.

उलट, प्रत्येक वांड पोरगं एडीएचडीचं नसतं. वर्गातल्या वयाने लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत आढळलं आहे. बिचारी नुसतीच लहान असतात. ऐकू कमी येणं, चष्म्याची गरज, रक्त कमी असणं, क्षणभर भान हरपणारी बारीक फिट, अपुरी झोप, घरातलं भांडण, यांतल्या कशानेही लक्ष उडतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही लक्षात ठेवावा लागतो. सिकलसेल ॲनिमियात कधीकधी मेंदूच्या लहान भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, पण अभ्यासातलं लक्ष घसरतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या मुलाची ही तपासणी आधी व्हायला हवी.

आता भीतीची गोष्ट. एडीएचडी असलेल्या मुलांना अपघात आणि विषबाधेचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि कापसाच्या गावात दोन्हींची सोय घरातच असते. फवारणीची बाटली बाजेखाली, उरलेलं द्रावण थंड पेयाच्या बाटलीत, अंगणापलीकडे बिनकठड्याची विहीर, हंगामात सुरू असलेलं मळणीयंत्र. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती मोठी, जाणती माणसं होती. "हात लावू नको" हे सांगणं या पोरासाठी पुरेसं संरक्षण नाही. कुलूप लावलेली पेटी हवी, उंचावर.

निदान रक्ततपासणीने वा स्कॅनने होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली, घरी आणि शाळेत अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी आणि आयुष्य अडवणारी असावी लागतात. शाळेआधीच्या वयात पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण. मोठ्या मुलांना गरजेनुसार मिथाइलफेनिडेट देतात. ते मेंदूतलं डोपामिन जास्त वेळ कामावर ठेवतं, तासाभरात परिणाम दिसतो आणि सुमारे ७० टक्के मुलांना फायदा होतो. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन, उंची, नाडी नि रक्तदाब पाहत राहतात. हे नियंत्रित औषध तालुक्याच्या मेडिकलवर सहजी मिळत नाही. दुसरं, ॲटोमॉक्सेटिन, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून बंद करू नये.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडी आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मायने शाळेत हजर राहून तोंडाने सांगावं, कारण रांगेत दोन मिनिटं उभं राहिलेलं पोर डॉक्टरांना शहाणंच दिसतं. पुढे जिल्हा रुग्णालय, नाहीतर नागपूर, यवतमाळ, अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचं रुग्णालय. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक-आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. जाताना दोन वह्या न्याव्या, एक सुरुवातीची नि एक आताची, आणि मास्तरांकडून चार ओळी लिहून घ्याव्या: वर्गात काय होतं, केव्हापासून, आणि कोणत्या कामात ते लेकरू शांत बसतं.