गवती चहा

गवती चहा म्हणजे लिंबासारखा वास असलेलं, ठोंबाने वाढणारं बारमाही गवत, आणि त्याच्या पाती उकळून केलेलं पेय सुद्धा. काही घरांत यालाच पातीचा चहा म्हणतात, गुजरातीत लीली चा. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन सिट्राटस. चहाच्या झुडपाशी याचं काही नातं नाही, हे ऊस-ज्वारीच्या कुळातलं, त्यामुळे चहा पावडर न घालता नुसती पात उकळली तर त्यात कॅफिन नसतं.

मूळ कुठलं यावर एकमत नाही. कोणी दक्षिण भारत-श्रीलंका धरतं, कोणी मलायाकडची बेटं. अडचण अशी की लागवडीत हे क्वचितच फुलतं, बी जवळपास धरतच नाही, म्हणजे जिथे जिथे आहे तिथे माणसानेच फुटवे काढून नेलेलं, मग मूळ रान कुठलं हे शोधायचं कसं! वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८१३ मध्ये याला अँड्रोपोगॉन सिट्राटस नाव दिलं तेही फ्रान्समधल्या माँपेलिएच्या वनस्पती बागेच्या यादीत, आणि १९०६ मध्ये दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टाप्फ यांनी ते सिम्बोपोगॉन प्रजातीत आणलं.

संस्कृत नावाचा घोळ वेगळाच. चरकसंहितेच्या हरितवर्गात, म्हणजे हिरव्या मसाल्या-भाज्यांच्या यादीत, भूस्तृण येतं आणि बरेच जण तेच गवती चहा म्हणून सांगतात. पण सुगंधी गवतं आपल्याकडे बरीच, खानदेशातलं रोशा गवत आहे, केरळचं सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओसस आहे (बाजारातलं लिंबाच्या वासाचं कोचीन तेल मुख्यतः त्याचंच), त्यामुळे भूस्तृण म्हणजे यातलंच कुठलंतरी, इथपर्यंतच म्हणणं जास्त बरोबर वाटतं. मराठी नाव मात्र जुनं असणं कठीण, कारण चहाच घरोघरी पोचला तो साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि त्यानंतर.

गवती चहाला वास येतो सिट्रालमुळे, पातीच्या सुगंधी तेलात हे साधारण ६५ ते ८५ टक्के असतं. सिट्राल म्हणजे जेरॅनियल आणि नेरल या दोघांचं मिश्रण, हे आम्ल नव्हे, म्हणून लिंबाचा वास असूनही दूध फाटत नाही. दूध फाटतं ते बहुतेक वेळा आल्यामुळे, कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, आणि दोष उगाच पातीला लागतो. आलं आधी पाण्यात चांगलं उकळलं की हा त्रास राहत नाही.

सिट्राल वाफेबरोबर उडतं, म्हणून भांड्यावर झाकण हवंच, हे फार कमी जण करतात आणि मग वास सगळा स्वयंपाकघरात, कपात काहीच नाही. दोन कपांना तीन-चार लांब पाती पुरतात, धुवून कात्रीने कापायच्या किंवा गाठ मारून टाकायच्या (कडा धारदार असतात, बोट कापतं), चार-पाच मिनिटं उकळून गॅस बंद करून थोडं मुरू द्यायचं. दुधाचा करायचा असेल तर पावडर आणि दूध नंतर.

लावायला फुटवा मुळासकट घ्यावा, कुंडीतही छान येतो. नर्सरीत कधीकधी सिट्रोनेला हे दुसरंच गवत गवती चहा म्हणून देतात, त्याला डासांच्या उदबत्तीसारखा वास येतो, म्हणून घेताना पात चुरगळून बघावी.