कॅनडाचा मल्टिकल्चरलिझम आणि देशाच्या एकीचा प्रश्न

मल्टिकल्चरलिझम म्हणजे बहुसंस्कृतीवाद हे कॅनडाच्या केंद्र सरकारचं १९७१ पासूनचं अधिकृत धोरण आहे. थोडक्यात सांगायचं तर देशाच्या राजभाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच, पण राजमान्य संस्कृती एकही नाही, आणि बाहेरून आलेल्या माणसाने कॅनेडियन होण्यासाठी आपला धर्म, भाषा, सणवार टाकून द्यायची गरज नाही. देशपातळीवर असं धोरण जाहीर करणारा कॅनडा पहिलाच. २०२१ च्या जनगणनेत तिथले ८३ लाख लोक म्हणजे २३ टक्के परदेशात जन्मलेले निघाले, १८६७ साली देश झाला तेव्हापासूनचा हा सगळ्यात मोठा वाटा, आणि लोकांनी आपलं मूळ सांगताना साडेचारशेहून जास्त वेगवेगळी नावं लिहिली. एवढं असूनही देश एकत्र आहे, पण एकदा तो अगदी थोडक्यात फुटता फुटता वाचलाय, आणि तो जो फुटणार होता तो इमिग्रेशनमुळे नव्हे.

हे धोरण स्थलांतरितांसाठी बनलं असा सर्रास समज आहे. मुळात ते इंग्रज-फ्रेंच भांडणातून निघालं, आणि पुढचं सगळं राजकारण, अगदी आजचं हिजाबवरचं आणि स्टुडंट व्हिसावरचंसुद्धा, त्या भांडणाकडे बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

धोरण आलं कुठून

क्युबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे बहुसंख्य, पण १९६० च्या आसपास मॉन्ट्रियलच्या बड्या कंपन्यांमध्ये मालक आणि वरचे साहेब बहुतेक इंग्रजी बोलणारे, नोकरीत वर चढायचं तर इंग्रजी आलंच पाहिजे. त्या दशकात क्युबेकमध्ये वारं फिरलं, चर्चची पकड सुटत गेली, प्रांत सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या, आपल्या घरात आपणच मालक ही घोषणा १९६२ च्या निवडणुकीत चालली आणि वेगळं व्हायची भाषाही उघड सुरू झाली. तेव्हा पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी १९६३ मध्ये द्विभाषा आणि द्विसंस्कृती या विषयावर एक रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग नेमला, आंद्रे लॉरेंडो आणि डेव्हिडसन डंटन त्याचे दोन अध्यक्ष, एक फ्रेंच बाजूचा आणि एक इंग्रज बाजूचा.

आणि इथेच गाडी वेगळ्या रुळावर गेली. पश्चिमेकडच्या प्रेअरी प्रांतांमधले युक्रेनियन, पोलिश, जर्मन मुळाचे लोक विचारायला लागले की तुम्ही देश दोन संस्कृतींचा म्हणताय, मग आम्ही कोण? त्यांचा हा प्रश्न अगदी रास्त होता. १८९६ नंतर क्लिफर्ड सिफ्टन हे इमिग्रेशन सांभाळणारे मंत्री असताना पूर्व युरोपातून हजारो शेतकरी कुटुंबं बोलावून आणली होती आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आज्या-आजोबांनी ती गवताळ जमीन नांगरून गव्हाची केली होती. युक्रेनियन मुळाचे सिनेटर पॉल युझिक यांनी १९६४ च्या भाषणात या सगळ्यांना तिसरी शक्ती म्हटलं. कमिशनने शेवटी आपल्या अहवालाचा चौथा भाग याच लोकांवर काढला, आणि ८ ऑक्टोबर १९७१ ला पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की धोरण दोन भाषांच्या चौकटीतलं बहुसंस्कृतीवादाचं असेल.

क्युबेकला हे अजिबात आवडलं नाही. प्रांताचे प्रमुख रॉबेर बुरासा यांनी त्याच वर्षी ट्रुडोंना लेखी हरकत कळवली. त्यांची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण आपण देश उभारणाऱ्या दोन लोकसमूहांपैकी एक, असं मानणाऱ्या फ्रेंच कॅनेडियनांना या धोरणाने एका फटक्यात अनेकांतला एक करून टाकलं, भाषा अधिकृत राहिली पण बरोबरीचा भागीदार हे स्थान गेलं. माझ्या मते पुढच्या पन्नास वर्षांच्या दुराव्याचं हे एक मोठं कारण आहे आणि इंग्रजी कॅनडाने ते कधी मनापासून समजून घेतलं नाही.

नंतर धोरणाला कायद्याचं बळ मिळत गेलं. १९८२ च्या हक्कांच्या सनदेत कलम २७ आलं, त्यानुसार कोर्टाने सनदेचा अर्थ लावताना देशाचा बहुसांस्कृतिक वारसा जपायचा. १९८८ मध्ये ब्रायन मुलरोनी यांच्या सरकारने वेगळा मल्टिकल्चरलिझम कायदा केला. म्हणजे लिबरल पक्षाने आणलेलं धोरण कंझर्व्हेटिव्ह सरकारने पक्कं केलं, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण त्यानंतर बराच काळ कुठल्याच मोठ्या पक्षाने इमिग्रेशनच्या विरोधावर निवडणूक लढवली नाही.

शाळा, पाट्या आणि सार्वमत

मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लेओनार्ड या उपनगरात १९६८ मध्ये स्कूल बोर्डाने ठरवलं की इटालियन स्थलांतरितांच्या मुलांना आता फ्रेंच शाळेतच घालायचं. पालक उखडले. त्यांचं साधं म्हणणं होतं की या खंडात नोकरी इंग्रजीवर मिळते, मग मुलाला फ्रेंचमध्ये का शिकवू? आणि समोरच्या फ्रेंच शेजाऱ्याचंही म्हणणं तेवढंच साधं होतं, की येणारा प्रत्येक जण इंग्रजीकडे गेला तर दोन पिढ्यांत आमची भाषा संपेल. १९६९ मध्ये तिथे हाणामारीपर्यंत वेळ गेली. दोघांचंही खरं होतं, आणि अख्ख्या देशाचा प्रश्न त्या एका उपनगरात दिसतो.

त्याचं उत्तर १९७७ मध्ये रेने लेव्हेक यांच्या क्युबेक सरकारने बिल १०१ या कायद्याने दिलं. स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची, दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये. पाट्यांचा नियम सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये रद्द केला, त्यावर क्युबेकने सनदेच्या कलम ३३ चा आधार घेतला (या कलमाने एखादं सरकार काही मूलभूत हक्क पाच-पाच वर्षांसाठी बाजूला ठेवून कायदा करू शकतं), आणि १९९३ पासून दुसरी भाषा चालेल पण फ्रेंच ठळक हवी अशी तडजोड झाली. शाळांच्या नियमाचा परिणाम मात्र खोल गेला, व्हिएतनामी, हैतीयन, लेबनीज घरांतली एक अख्खी पिढी फ्रेंच बोलत मोठी झाली. सक्ती कोणाला आवडत नाही, पण फ्रेंच टिकण्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे हे मान्य करावंच लागतं.

१९८२ ची राज्यघटना क्युबेकच्या संमतीशिवाय झाली आणि ती सल राहिली. ती काढायला १९८७ मध्ये मीच लेक करार झाला, त्यात क्युबेकला वेगळा समाज म्हणून मान्यता होती, अट एवढीच की सगळ्या प्रांतांनी तीन वर्षांत मंजुरी द्यायची. जून १९९० मध्ये मॅनिटोबाच्या विधानसभेत तो चर्चेला घ्यायलाच सर्व सदस्यांची एकमुखी परवानगी लागणार होती. एलायजा हार्पर हे ओजी-क्री या मूळ रहिवासी समाजाचे आमदार हातात गरुडाचं पीस धरून बसायचे, अध्यक्ष विचारायचे, आणि ते शांतपणे नाही म्हणायचे. दिवसामागून दिवस तेच. त्यांचं कारण स्वच्छ होतं, देश उभारणारे दोन कोण यावर तुमची एवढी चर्चा चाललीये आणि इथे हजारो वर्षांपासून राहणाऱ्या आम्हा मूळ लोकांना कोणी विचारलंच नाही. मुदत संपली, करार मेला. १९९२ चा शार्लटटाऊन करार हा दुसरा प्रयत्न तर देशभरच्या सार्वमतात पडला.

क्युबेकमध्ये संताप झाला आणि त्यातून क्युबेकने वेगळं व्हावं का यावरचं १९९५ चं सार्वमत आलं (पहिलं १९८० मध्ये झालेलं, तेव्हा साधारण ६० टक्के लोक नाही म्हणाले होते). ३० ऑक्टोबर १९९५ ला ९३ टक्क्यांवर मतदान झालं आणि निकाल लागला तो ५०.५८ टक्के नाही विरुद्ध ४९.४२ टक्के हो असा, फरक ५४,२८८ मतांचा. त्या रात्री वेगळं होण्याच्या बाजूचे प्रांतप्रमुख जाक पारिझो यांनी भाषणात पराभवाचं खापर पैसा आणि एथनिक मतं यांच्यावर फोडलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा जाहीर केला. हे वाक्य क्युबेकमधल्या स्थलांतरितांच्या मनात कायमचं रुतलं. ज्यांनी मुलांना फ्रेंच शाळेत घातलं, कर भरले, त्यांना निकालाच्या रात्री कळलं की हिशोबात आपण अजून बाहेरचेच आहोत.

दार कोणासाठी उघडं होतं

कॅनडा कायमच मोकळ्या मनाचा होता असं जे चित्र रंगवतात ते खोटं आहे. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतची रेल्वे बांधायला चिनी मजूर आणले आणि रेल्वे पूर्ण झाली त्याच १८८५ साली चिनी माणसावर ५० डॉलर प्रवेशकर लावला, १९०३ पर्यंत तो ५०० डॉलर केला, आणि १९२३ मध्ये कायदाच असा केला की चिनी इमिग्रेशन जवळपास बंद, ते थेट १९४७ पर्यंत. भारतीयांसाठी युक्ती वेगळी होती. १९०८ च्या नियमाने मायदेशातून सलग एकाच प्रवासात आलेल्यालाच प्रवेश, आणि भारतातून थेट जहाजच नव्हतं. १९१४ मध्ये गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेलं कोमागाता मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं, दोन महिने बंदरात अडकलं, मोजक्याच लोकांना उतरू दिलं आणि बाकीच्यांना परत पाठवलं. ते जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागलं तेव्हा ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात त्यातले काही मारले गेले. याबद्दल पार्लमेंटमध्ये माफी मागितली गेली ती २०१६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात जपानी मुळाच्या सुमारे २२ हजार लोकांना घरं सोडायला लावून छावण्यांत आणि दूरच्या गावांत हलवलं, त्यांच्या बोटी, घरं, दुकानं विकून टाकली.

वंशावर आधारलेली निवड १९६२ च्या नियमांपासून सुटत गेली आणि १९६७ मध्ये पॉइंट्स सिस्टीम आली, म्हणजे शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण. कुशल कामगार निवडायची आजची एक्सप्रेस एंट्री पद्धत याच कल्पनेचं पुढचं रूप. क्युबेक १९९१ च्या करारामुळे आपले आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो. कॅनडात इमिग्रेशनला इतकी वर्षं लोकांचा पाठिंबा मिळाला त्यामागे संस्कृतीप्रेमापेक्षा ही चाळणी जास्त कामाला आली असं मला वाटतं, शिवाय तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला अमेरिका, त्यामुळे कोण येणार हे बरंचसं सरकारच्या हातात राहिलं. आणि आलेल्याला मत मिळतं, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्या माणसाने पाच वर्षांत तीन वर्षं देशात काढली की तो नागरिकत्वाचा अर्ज करू शकतो, त्यामुळे टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या आसपासच्या मतदारसंघांत स्थलांतरितांना दुखावून निवडून येणं अवघड होऊन बसतं.

वाद होतच राहिले, पण बरेचदा ते कोर्टात जाऊन मिटले. १९९० मध्ये बलतेज सिंग धिल्लन यांच्यासाठी केंद्रीय पोलीस दलाने पगडीला परवानगी दिली तेव्हा विरोधात सह्यांच्या मोहिमा निघाल्या होत्या, आज त्याचं कोणाला काही वाटत नाही.

अलीकडची फूट

२०२३ मध्ये लोकसंख्या ४ कोटींच्या वर गेली आणि त्या एका वर्षात ३.२ टक्के वाढली, १९५७ नंतरची सगळ्यात वेगवान वाढ. यात पीआरवाले कमी, मोठा भाग स्टुडंट आणि टेम्पररी वर्क परमिटवाल्यांचा, वर्षअखेरीस दहा लाखांवर विद्यार्थी परमिट चालू होते. काही कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या जाड फीवर आपला खर्च चालवला, प्रांतांनी कॉलेजांना द्यायचा पैसा आवळून त्याकडे कानाडोळा केला, घरं मात्र तेवढी बांधली गेली नाहीत, आणि मग भाडी भडकली की लोकांचं बोट त्या तळघरात दाटीवाटीने राहणाऱ्या पोराकडे वळलं. दोष धोरण आखणाऱ्यांचा होता आणि शिव्या पोरांनी खाल्ल्या. एन्व्हायरॉनिक्स या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ५८ टक्के लोक इमिग्रेशन जास्त झालंय म्हणाले. सरकारने जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि ऑक्टोबरमध्ये पीआरचं २०२५ चं टार्गेट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं.

क्युबेकची वाट मात्र आणखी वेगळी होत गेलीये. तिथल्या बिल २१ ने २०१९ पासून सरकारी शाळांचे शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली, कोर्टात टिकावं म्हणून पुन्हा कलम ३३ वापरून. डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सी या छोट्या गावात तिसरीच्या वर्गावरच्या एका शिक्षिकेला हिजाबमुळे वर्गातून काढून दुसरं काम दिलं, तेव्हा मुलांनी आणि पालकांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या. ज्या बाई फ्रेंच प्रांतात राहून मुलांना शिकवतायत त्यांना वर्गाबाहेर काढून नेमकी कुठली एकी साधली हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण क्युबेकमध्ये या कायद्याला बहुमताचा पाठिंबा आहे, आणि त्यामागे निव्वळ द्वेष आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल, चर्चच्या दडपणातून बाहेर पडलेल्या समाजाची धर्माबद्दलची धास्तीही त्यात आहे. मे २०२५ मध्ये त्या प्रांताने आपला वेगळा एकात्मता कायदा केला, त्यात केंद्राचा मल्टिकल्चरलिझम बाजूला ठेवून फ्रेंच भाषा आणि क्युबेकची संस्कृती हाच सगळ्यांचा सामायिक पाया मानलाय. बिल २१ विरुद्धची अपिलं सुनावणीला घ्यायचं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये मान्य केलं, आणि त्यात हिजाब, पगडी किंवा क्रॉसच्या बरोबरीने हाही मुद्दा आहे की एखादा प्रांत कलम ३३ आधीच लावून कोर्टाचं तोंड किती बंद करू शकतो.