पुरुष वंध्यत्व : कारणे

गर्भनिरोधक साधने न वापरता वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही पुरुषाच्या बाजूच्या दोषामुळे गर्भ न राहणे म्हणजे पुरुष वंध्यत्व. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठीच राखलेला. पुरुषाला फार तर ‘नपुंसक’ म्हणतात आणि तेही चुकीचे, कारण नपुंसकत्वाचा संबंध लिंगाच्या ताठरतेशी आहे. वंध्यत्व असलेल्या बहुसंख्य पुरुषांचे लैंगिक जीवन व्यवस्थित असते. दोष सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

वृषणातल्या बारीक नलिकांत शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, नंतर अधिवृषणात (वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीत) पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे आजचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट मागच्या अडीच-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो. श्रावणात डेंगीचा जबर ताप येऊन गेला असेल, तर दसऱ्याच्या सुमाराचा ‘काउंट’, म्हणजे शुक्राणूंची संख्या, त्यामुळेच घसरलेला असू शकतो. या कामाला शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, म्हणून तर वृषणे पोटाबाहेर असतात. जन्मतः ती पोटातच अडकून राहिली आणि शस्त्रक्रियेला उशीर झाला, तर पुढे शुक्राणू कमी पडण्याचा धोका वाढतो.

दुरुस्त करता येण्याजोग्या कारणांत सर्वाधिक आढळणारे म्हणजे व्हेरिकोसील, अर्थात वृषणाच्या शिरा फुगणे. हा दोष बहुधा डावीकडे असतो. उजवी शीर थेट महाशिरेत तिरकी शिरते. डावी वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे तिच्यात रक्त तुंबते आणि वृषणाची उष्णता वाढते. उभ्याने तपासले की हाताला मऊ, वेटोळ्या शिरांचा जुडगा लागतो; आडवे झाले की तो विरतो. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असते, वंध्यत्वासाठी आलेल्यांत ३५ ते ४० टक्क्यांना. अनेकांना ते असूनही मुले होतात, म्हणून दिसले की ऑपरेशन, हा हिशेब बरोबर नाही.

अलीकडचे आणि बरेचसे टाळता येणारे कारण जिममध्ये सापडते. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली की मेंदूला वाटते, पुरवठा भरपूर आहे; मग तो वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडणे थांबवतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेले, पण वृषणात, जिथे ते रक्ताच्या अनेक पट लागते, तिथे दुष्काळ. दंड फुगतात, वृषणे आक्रसतात आणि काउंट शून्यावर येऊ शकतो. इंजेक्शने बंद केल्यावर तो सावरायला काही महिने ते वर्ष-दोन वर्षे लागतात. काहींचा पूर्ण सावरतही नाही.

काही वेळा उत्पादन ठीक असते, वाट बंद असते. क्षयरोगाने अधिवृषण चोंदते, तर काही पुरुषांत शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्राणू पुढे नेणाऱ्या नळ्या, जन्मतःच नसतात. अशांच्या वृषणातून किंवा अधिवृषणातून सुईने शुक्राणू काढून एकेक थेट बीजांडात टोचता येतो. या इक्सी पद्धतीचे यश प्रथम १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये जाहीर झाले. जनुकीय दोषांत क्लाइनफेल्टर (एक एक्स गुणसूत्र जास्तीचे; ४७, एक्सएक्सवाय) सुमारे ६०० पुरुषांत एकाला असतो. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर इक्सीने झालेल्या मुलग्याकडेही तो दोष जातो, म्हणून आधी समुपदेशन करतात.

वयात आल्यानंतरचे गालगुंड, मधुमेहामुळे वीर्य उलटे मूत्राशयात जाणे, लठ्ठपणा, तंबाखू, अति मद्य, भट्टीसमोरचे काम हीही कारणे. कर्करोगाच्या केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारायलाच हवे. रसायनांच्या परिणामाचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोपचे. १९७७ मध्ये तिथल्या कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आले, की बरोबरीच्या कुणालाच मुले होत नाहीत. तपासणीत डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक (मातीतले बारीक कृमी मारणारे रसायन) दोषी ठरले. १९७९ मध्ये अमेरिकेने हवाईतली अननसशेती वगळून त्याचा वापर थांबवला.

भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिराती मात्र स्वप्नदोष आणि हस्तमैथुनावर बोट ठेवतात. त्यांचा वंध्यत्वाशी संबंध नाही.

निदानाची सुरुवात वीर्यतपासणीने होते. २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर नमुना देतात; घरून आणला तर अंगाच्या उबेला धरून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ४२ टक्के हालचाल आणि ४ टक्के सुघड आकार अशी आहे. शंभरातले शहाण्णव बेढब असले तरी चालते, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. आकडे दर खेपेला बदलतात, म्हणून दोष दिसल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. इतकी सोपी ही तपासणी बायकोच्या साऱ्या चाचण्या आटोपल्यावर होते, तेव्हा जोडप्याची एक-दोन वर्षे आधीच खर्ची पडलेली असतात.