सांख्यिकीय आउटपुट : जतन आणि देवाणघेवाण

एसपीएसएस, स्टाटा, सॅस, आर अशा सॉफ्टवेअरमधून निघालेले तक्ते, आलेख व चाचण्यांचे निकाल जपून ठेवणे, ते कोणत्या माहितीवर कोणती आज्ञा चालवून निघाले याची नोंद राखणे आणि दुसऱ्याला वाचता व पडताळता येतील अशा रूपात ते देणे. व्यवहारात यातले मधले काम गळते. तक्ता कॉपी होतो, वर्डमध्ये चिकटतो आणि काही महिन्यांनी परीक्षकाने ‘हा आकडा आला कुठून?’ असे विचारले की शोधाशोध सुरू होते.

गोव्यातल्या महाविद्यालयांत व संशोधनकेंद्रांत समाजशास्त्र, वाणिज्य, शिक्षणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांची ओळख बहुधा एसपीएसएसशी होते. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेले हे सॉफ्टवेअर २००९ पासून आयबीएमकडे आहे. त्याचे निकाल वेगळ्या खिडकीत उमटतात आणि एसपीव्ही फाइलीत साठतात. ज्याच्याकडे एसपीएसएस नाही त्याला ही फाइल सहसा उघडता येत नाही, म्हणून मार्गदर्शकाला पाठवताना तिची पीडीएफ किंवा एक्सेल प्रत काढावी लागते. मूळ एसपीव्ही मात्र टाकून देऊ नये. तिच्या डाव्या बाजूच्या यादीत प्रत्येक निकालाआधी ‘नोट्स’ नावाची एक नोंद असते. एरवी ती लपलेली असते. डबल क्लिक केले की वापरलेली फाइल, लावलेली गाळणी, नोंदींना दिलेले भार (वेटेज), गहाळ उत्तरांची हाताळणी, चालवलेली आज्ञा आणि वेळ असे सगळे दिसते. प्रबंधाच्या परिशिष्टाला लागणारा तपशील तिथे आयता मिळतो, पण तिकडे फारसे कोणी वळत नाही. जुन्या आवृत्त्या अतिलहान पी-मूल्य (खरा फरक वा संबंध नसतानाही असा किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) .००० असे दाखवत. ते जसेच्या तसे उतरवणे चूक आहे. संभाव्यता शून्य नसते, म्हणून ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे.

स्टाटामध्ये सत्राची लॉग फाइल, म्हणजे आज्ञा व निकालांची सलग नोंद, ठेवता येते. आरमध्ये पडद्यावर आलेला निकाल मुद्दाम लिहून घेतला नाही तर खिडकीबरोबर जातो. मात्र २००२ चे स्वीव्ह, नंतरचे आर मार्कडाउन आणि २०२२ चे क्वार्टो या अहवाल-साधनांनी मजकूर व आज्ञा एकाच दस्तऐवजात आणल्या. माहिती बदलली की अहवाल पुन्हा चालवायचा. आकडे हाताने बदलावे लागत नाहीत.

गोव्याचे तक्ते एकत्र करताना नावे आडवी येतात. एका फाइलीत रोमन ‘बिचोलिम’, दुसरीत ‘डिचोली’; कुठे ‘साल्सेत’, कुठे ‘सासष्टी’; ‘केपे’चे रोमन रूप तर ‘क्वेपेम’ वाचले जाते. नावावरून जोडणी केली तर ओळी गुपचूप गळतात, म्हणून तालुका व गाव यांचे जनगणना-संकेतांक हीच चावी धरावी. सीमांचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत उत्तर गोव्याची लोकसंख्या ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्याची ६,४०,५३७ नोंदली आहे. पण तेव्हा फोंडा तालुका उत्तरेत होता. २०१५ मध्ये तो दक्षिण जिल्ह्याला जोडला गेला. मुख्यतः सांग्यातून निघालेला धारबांदोडा तालुका त्या तक्त्यांत स्वतंत्र नाही. जिल्हावार तक्ता कोणत्या सीमांवर बेतला आहे, हे तळटिपेत एका ओळीत सांगता येते. ती ओळ नसेल तर दोन सर्वेक्षणांची तुलना फसते.

मराठी शीर्षकांचे तक्ते सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे करणाऱ्या साध्या मजकूर-फाइलीत) साठवून एक्सेलने थेट उघडले की पुष्कळदा अगम्य चिन्हे दिसतात. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडला की अडचण सुटते. आरच्या साध्या पीडीएफ आलेखांत देवनागरी नीट उमटत नाही, तिथे कैरो या चित्रे रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारित पीडीएफ वापरावी. वयोगटाचा स्तंभ एक्सेलमध्ये आधी ‘टेक्स्ट’ केला नाही तर ‘५-९’ ही तारीख होऊन बसते.

वाटपाचा खरा धोका मात्र छोट्या आकड्यांत आहे. गाव लहान असले की ‘विधवा, पदवीधर, वय ६० च्या पुढे’ या तक्त्यातल्या चौकटीत एकच बाई उरते, आणि गावात ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा चौकटी झाकाव्यात किंवा गट मोठे करावेत. एकच चौकट झाकून भागत नाही; बेरजेतून वजा करून ती परत काढता येते, म्हणून आणखी एखादी झाकावी लागते. एक्सेलचा पिव्होट तक्ता (मूळ ओळींवरून गटवार सारांश काढणारा) तसाच पाठवणे याहून वाईट. त्यातल्या आकड्यावर डबल क्लिक केले की मागच्या मूळ ओळी नव्या पानावर उघडतात, सर्वेक्षणातली नावे असली तर नावांसकट. वर्डमध्ये चिकटवलेला एक्सेल आलेखही कधी कधी सबंध वर्कबुक पोटात घेऊन जातो. बाहेर द्यायची प्रत नव्या फाइलीत फक्त मूल्ये चिकटवून किंवा पीडीएफ करून द्यावी.