लहान रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपं? नाही!

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत एक समज पक्का आहे: परवाना मिळाला की आखूड नळीचं, कमरेला लपणारं रिव्हॉल्व्हर घ्यावं, लहान म्हणजे चालवायला सोपं. खरं नेमकं उलट आहे.

नेमबाजीच्या रेंजवर २ इंची आणि ६ इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरनं लागोपाठ गोळ्या झाडून पाहा. नेम धरायला नळीच्या टोकावर असलेला उंचवटा, म्हणजे पुढची माशी, आणि मागची खाच यांत आखूड नळीवर जेमतेम १० सेंटीमीटर अंतर असतं, लांब नळीवर सुमारे २०. नेम धरताना माशी १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर पहिल्याची गोळी १० सेंटीमीटर भरकटते, दुसऱ्याची ५. त्यात काडतूस तेच आणि वजन कमी, म्हणून धक्का सगळा मनगटावर येतो. दुसऱ्या गोळीला नवखा माणूस डोळे मिटतो, चाप ओढता ओढता हात खाली जातो. नेम चुकतो तो इथंच.

रानडुकरांच्या धास्तीनं घेणाऱ्यांना तर कळकळीनं सांगतो, जागलीच्या अंधारात या हत्यारावर जीव टाकू नका. अशा रिव्हॉल्व्हरची .३२ बोअरची (सुमारे ०.३२ इंच जाडीची) गोळी चवताळलेल्या डुकराला जागीच थांबवेल, याची खात्री नाही. त्यापेक्षा कुंपणाच्या तारेला विजेचा हलका झटका देणारं झटका मशीन लावा, मोठा टॉर्च घ्या आणि वावरात एकटं जाऊ नका.